दोघांशी हरलेला

मलाच विचारतात, कारण मी दोघांशीही हरलोय.
बक्षीस-समारंभ आटोपला की कुणीतरी चहा पुढे करतं,
वाघचौरे, तुम्ही सांगा, थोर कोण?
तांबटांचा रंगू, की ही ओवी निकुंभ?

रंगू दहा वर्षांचा होता, साल अडुसष्ट.
तांबट आळीत बापाच्या दुकानाच्या पायरीवर
खडूच्या रेघांचा पट. सोंगट्यांत एक उंट हरवलेला,
त्याच्या जागी सुपारी.
आत हातोडे, ठक्-टक्, ठक्-टक्,
हंड्याच्या पोटावर एकेक खळी उमटायची
आणि त्या ठोक्यावर रंगूचा हात उठायचा.
मी वीस वर्षांचा, नोटांच्या प्रेसमध्ये नुकता चिकटलेला,
अंगात पहिल्या पगाराचा शर्ट.
देशी डाव. प्यादं एकेक घर,
राजाला आयुष्यात एकदाच घोड्याची उडी.
माझी उडी मी आधीच वाया घालवली होती.

शेवटी राजा माझा कोपऱ्यात,
त्याचा हत्ती मोकळा, एका चालीत खेळ खलास.
त्यानं हत्तीला हात लावला नाही.
प्यादं सरकवलं. मग पुन्हा तेच प्यादं.
आतून आई जेवायला हाका मारतेय, आमटी निवतेय,
आणि हे पोर सहा चाली मला खेळवतंय!
घरी येऊन रागारागानं सगळा डाव वहीत उतरवला.
रागानं उतरवलेलं फार टिकतं.

पुढल्या वर्षी गोदावरी दुतोंड्या मारुतीला गिळून वर आली,
तांब्याचा माल गाळात गेला,
मागोमाग स्टील आलं.
तरी वर्गणी काढून त्याला एका मोठ्या स्पर्धेला पाठवलं आम्ही.
समोरच्यानं किल्लेकोट केला
तेव्हा रंगूनं हात वर केला,
साहेब, ह्यानं दोन चाली केल्या.
हॉल हसला.
तो परत आला आणि हातोडा घेऊन बसला.

ओवी नऊ वर्षांची. पाथर्डी फाटा, चौथा मजला.
बाप अंबडला लेथवर, शिक्षक चेन्नईहून पडद्यावर.
खुर्चीवर बसली की पाय जमिनीला टेकत नाहीत,
एक चप्पल कायम टेबलाखाली हरवलेली.
मला एकोणीस चालींत संपवलं,
आणि मधेच, अगदी हळू,
आजोबा, तुमचं घड्याळ दाबायचं राहिलं.

आता ह्यांची तुलना कशी करू?
एकाला नियम सांगायला कोणी नव्हतं,
दुसरीला इतके सांगतात की
आई रात्री टॅब्लेट उशीखाली लपवते.
रंगूचं गुणांकन काढायला कुठला हिशोब लावू,
किती हंडे, किती ठोके?

तरी परवा ती वही घेऊन गेलो.
शेवटची मांडणी लावली. बापानं मोबाइल पुढे केला,
यंत्र म्हणालं, हत्ती, मात. क्षणही लागला नाही त्याला.
ओवीनं मोबाइल पालथा घातला.
वेणीचं टोक चघळत बसली.
खाली भंगारवाला ओरडून गेला, कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या.
मग म्हणाली,
त्यांना दिसला होता हत्ती. पण त्यांना प्याद्यानंच मारायचं होतं.

हिला कोणी सांगितलं नव्हतं.
देशी डावातली सगळ्यांत मानाची जीत
तिला एक शब्द आहे, म्हटलं, प्यादी मात.
समोरचा तेवढ्या लायकीचा असेल तरच
कोणी इतके कष्ट घेतं.
बोलता बोलता मीच थांबलो.
छप्पन्न वर्षं मी त्या सहा चालींवर रुसून होतो.

ते आजोबा अजून खेळतात?
कल्हई करतात, म्हटलं, आडगावच्या बाजूला.
घोडा कसा जातो तेवढं आठवतं म्हणतात.
तेवढं पुरे, म्हणाली.

रविवारी निमाणी स्टँडवर भेटायचं ठरलंय.
पट तिनं आणायचा.
सुपारी मी.